‘गुलामगिरी’तील अनुपस्थित युद्ध

जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ १८७३ साली प्रसिद्ध झाले आणि ते अमेरिकेतील संयुक्त संस्थानांच्या सदाचारी लोकांना अर्पण केलेले आहे, ही गोष्ट मराठी समीक्षेत इतक्या वेळा नोंदली गेली आहे की तिच्यातील प्रश्न जवळजवळ नाहीसा झाला आहे. अर्पणपत्रिकेचे कौतुक होते, फुल्यांच्या जागतिक दृष्टीचा पुरावा म्हणून तिच्याकडे बोट दाखवले जाते आणि संहितेकडे वळताना ती मागे सोडून दिली जाते. वस्तुतः अर्पणपत्रिका आणि संहिता यांच्यात एक विलक्षण ताण आहे. ज्या कृत्याबद्दल अमेरिकन लोकांचा गौरव केला आहे ते कृत्य चार वर्षांच्या यादवी युद्धातून घडले. त्यात सहा लाखांहून अधिक सैनिक मृत्युमुखी पडले. पुस्तकाच्या प्रस्तावनेत निग्रो गुलामांचे हाल येतात, त्यांच्या सुटकेबद्दलची कृतज्ञताही येते. पण त्या राष्ट्राचे दोन तुकडे ज्या राजकीय संघर्षाने केले त्याच्या तपशिलात पुस्तक शिरत नाही. जे पुस्तक आरंभापासून अखेरपर्यंत लढायांनी भरलेले आहे, त्यातच ही एक लढाई नसावी, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा भाग नाही.

ही अनुपस्थिती समजून घ्यायची तर अमेरिकेतील संघर्ष युद्धापर्यंत कसा पोचला हे थोडक्यात पाहावे लागते. गुलामी दुष्ट होती म्हणून युद्ध झाले, हे उत्तर अपुरे आहे. ती दुष्टता युद्धापूर्वी दोन शतके तशीच होती. १८२० च्या मिसूरी तडजोडीने गुलाम राज्ये आणि मुक्त राज्ये यांच्यामध्ये नकाशावर एक रेषा ओढली व पुढे तीसेक वर्षे ती रेषाच शांततेचा आधार ठरली. १८३६ ते १८४४ या काळात तर गुलामीविरोधी अर्जांवर प्रतिनिधिगृहात चर्चाच होऊ नये असा नियम होता. म्हणजे तडजोडीचा पाया मौनाचा होता. १८५० च्या पळपुट्या गुलामांविषयीच्या कायद्याने हे मौन मोडले, कारण गुलामाला पकडून देण्याचे काम त्याने उत्तरेतील नागरिकाच्या उंबरठ्यावर आणून ठेवले. १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने मिसूरीची रेषा पुसली, व्हिग पक्ष विस्कटला, आणि कॅन्ससमध्ये मतपेटीच्या जोडीला बंदुका आल्या. १८५६ मध्ये सिनेटच्या सभागृहातच चार्ल्स समनर यांना एका दाक्षिणात्य प्रतिनिधीने काठीने रक्तबंबाळ केले. १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालाने तडजोडीचा मार्गच घटनाबाह्य ठरवला. आता मधली जागा उरली नाही. गुलामीच्या विस्ताराला तेवढा विरोध करणारे लिंकन १८६० च्या नोव्हेंबरात निवडून आले; डिसेंबरात दक्षिण कॅरोलिना संघराज्यातून फुटून निघाले; १८६१ च्या एप्रिलमध्ये सम्टर किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या.

या क्रमात लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की प्रत्येक टप्प्यावर भांडण कायद्याच्या एखाद्या कलमाबद्दल होते. गुलाम ही कायद्याने मान्य केलेली मालमत्ता होती, म्हणून त्या मालमत्तेवरचा वाद कायदेमंडळात जाऊ शकला, न्यायालयात जाऊ शकला, आणि दोन्ही ठिकाणी तुंबल्यावर रणांगणात गेला. फुल्यांच्या हिंदुस्थानात यांपैकी एकही जागा उपलब्ध नव्हती. कंपनी सरकारच्या १८४३ च्या पाचव्या कायद्याने येथील न्यायालयांनी गुलामगिरीला मान्यता देणे बंद केले होते. पेशवाईतील कुणबिणी आणि बटकी यांची खरेदी-विक्री दप्तरांतून दिसते. तिचा कायदेशीर आधार ‘गुलामगिरी’ लिहिली जाण्यापूर्वी तीस वर्षे नाहीसा झालेला होता. तरीही फुले आपल्या ग्रंथाला हेच नाव देतात. मुखपृष्ठावरील उपशीर्षकात इंग्रजी राज्याची सुधारणा आणि ब्राह्मणी धर्माचा आडपडदा हे दोन्ही शेजारी ठेवलेले आहेत, यातील उपरोध सरळ आहे: कायद्याने जे संपल्याचे जाहीर झाले आहे ते संपलेले नाही, असे म्हणण्यासाठीच हे पुस्तक लिहिले गेले.

म्हणून ‘गुलामगिरी’ हा शब्द येथे रूपक आहे असे जे वारंवार म्हटले जाते ते स्वीकारणे कठीण आहे. रूपकात दोन गोष्टींमधील भेद मान्य असतो आणि साम्य सुचवले जाते. फुले भेदच अमान्य करतात. त्यांचा दावा व्याख्येचा आहे. ज्या व्यवस्थेत एका समूहाचे श्रम, विद्या आणि मान दुसऱ्याच्या ताब्यात जन्माने जातात ती गुलामगिरी होय, मग तिची नोंद न्यायालयात असो वा पुराणात. या व्याख्येसाठी त्यांनी कोणता शब्द निवडला हे अधिक बारकाईने पाहण्याजोगे आहे. मराठीत ‘दास्य’ हा शब्द तयार होता, रूढ होता, प्रौढ होता. पण नवविधा भक्तीत दास्य ही एक पायरी आहे. ‘दास’ हे संतांच्या नावात मिरवणारे बिरुद आहे. दास्य या शब्दाबरोबर स्वेच्छा, समर्पण आणि पुण्य असा सगळा परिवार चालत येतो. ज्याला दास्याविरुद्ध लिहायचे आहे त्याला आधी त्या शब्दाला चिकटलेल्या पावित्र्याशी झगडावे लागेल. फुल्यांनी तो झगडा टाळला नाही, त्यांनी शब्दच बदलला. ‘गुलाम’ हा फारसीमार्गे आलेला, बाजारातला, दरबारातला शब्द. त्याला कोणी देवघरात नेलेले नाही. त्याला जोडलेला ‘गिरी’ हा प्रत्यय तर धंद्याचा आणि वहिवाटीचा वास घेऊन येतो. शूद्रातिशूद्रांची स्थिती भक्तीच्या भाषेतून काढून व्यवहाराच्या भाषेत आणणे, हे या पुस्तकाचे निम्मे काम त्याच्या नावानेच केले आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’तून फुल्यांच्या व्याकरणाची जी थट्टा केली तिच्या मुळाशी हे असावे. शब्दांच्या कुळाची चौकशी करणाऱ्याला असा अकुलीन शब्द ग्रंथाच्या माथ्यावर बसलेला सोसणे अवघडच.

अमेरिकेतील दक्षिणेकडचे समर्थनशास्त्र आणि येथील वर्णसमर्थन यांची तुलना या संदर्भात उद्बोधक आहे. दक्षिण कॅरोलिनाचे सिनेटर जेम्स हेन्री हॅमंड यांनी १८५८ च्या भाषणात असा सिद्धान्त मांडला की प्रत्येक समाजाला हलकी कामे करणारा एक वर्ग लागतोच. घराच्या तळाशी मातीत बसवलेल्या तुळईसारखा तो वर्ग असतो आणि त्याच्यावरच संस्कृतीचा इमला उभा राहतो. पुरुषसूक्तातील विराट पुरुषाच्या पायांशी या तुळईचे नाते सांगण्याची गरज नाही. फरक इतकाच की हॅमंड यांना आपला सिद्धान्त भर सभागृहात, विरोधकांच्या समोर मांडावा लागला, आणि त्याला उत्तरही तेथेच मिळू शकले. पुरुषसूक्ताला उत्तर देण्याचे सभागृह कोठे होते? ‘गुलामगिरी’च्या पहिल्याच भागात ब्रह्मदेवाच्या मुखापासून, बाहूंपासून, पायांपासून झालेल्या जन्मांची जी यथेच्छ टवाळी आहे ती याच उणिवेतून आलेली आहे. धोंडीबा विचारतो आणि जोतीराव सांगतात, ही संवादाची बैठक म्हणजे नसलेल्या सभागृहाची भरपाई आहे.

युद्ध मग कोठे जाते? ते पुराणात जाते. मत्स्य, कच्छ, वराह, नृसिंह, वामन, परशुराम हे अवतार फुल्यांच्या हाती बाहेरून आलेल्या टोळ्यांचे एकामागून एक आलेले नायक होतात, बळीराजा या भूमीचा पराभूत राजा होतो, आणि महार म्हणजे परशुरामाशी निकराने झुंजलेले ‘महाअरी’ ठरतात. या व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाहीत, हे सांगून अनेकांनी विषय संपवला आहे. पण व्युत्पत्ती चुकीची ठरल्याने तिने संहितेत केलेले काम पुसले जात नाही. अमेरिकेत संघर्षाचा क्रम भविष्याकडे जातो: कायदा, निवडणूक, युद्ध, मुक्ती. ‘गुलामगिरी’त युद्ध अगोदरच होऊन गेले आहे, हरून झाले आहे, आणि विजेत्यांनी त्याला लीला हे नाव दिले आहे. त्यामुळे येथे पहिली लढाई, युद्ध झाले होते हे सिद्ध करण्याची आहे. ज्या समाजाला आपण हरलो हेच ठाऊक नाही त्याला लढायला सांगणे व्यर्थ, हा तर्क फुल्यांनी सूत्ररूपाने कोठे मांडलेला नाही. पण पुस्तकाच्या रचनेतून तो स्पष्ट होतो.

या दृष्टीने परशुरामाला लिहिलेले पत्र हा पुस्तकाचा कळसाध्याय मानावा लागतो. परशुराम चिरंजीव आहे असे शास्त्र म्हणते, तर त्याने सहा महिन्यांच्या आत हजर व्हावे, अशी ही जाहीर नोटीस आहे. विनोद म्हणून ते वाचले जाते, आणि ते विनोदी आहेच. परंतु त्याचा घाट न्यायालयीन आहे, आणि तो घाट इंग्रजी अमदानीत नव्यानेच रुळलेला होता. ज्या वैऱ्यावर तलवार चालवता येत नाही, कारण तो पुराणात राहतो, त्याच्यावर समन्स बजावले आहे. युद्धाची जागा दाव्याने घेतली, तीही अशा दाव्याने ज्यात प्रतिवादी कधीच येणार नाही हे वादीला पक्के ठाऊक आहे. तिसऱ्या पक्षाच्या, म्हणजे परकीय सरकारच्या, अमलाखाली राहणाऱ्या समाजात संघर्ष कोणते रूप घेतो याचे याहून नेमके चित्र त्या काळच्या मराठी गद्यात क्वचितच सापडेल. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे फुल्यांनी दिलेले निवेदन हे याच पत्राचे गंभीर भावंड होय.

त्या युद्धाचा मराठी मुलखाशी एक प्रत्यक्ष संबंधही होता, आणि तो अर्पणपत्रिकेच्या नैतिक उंचीवरून दिसत नाही. उत्तरेच्या नाकेबंदीने दक्षिणेचा कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्या ओस पडल्या, आणि वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच १८६५ मध्ये मुंबईचा सट्टाबाजार कोसळला. १८६७ मध्ये नागपूरला रेल्वे पोचली आणि १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल उभी राहिली. गुलामांच्या हातचा कापूस बंद झाला म्हणून ज्या जमिनीचा कापूस जगाच्या बाजारात चढला, तिच्यावर राबणारे हात कोणाचे होते, हा प्रश्न ‘गुलामगिरी’त नाही, तो दहा वर्षांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये वेगळ्या वाटेने येतो. पूर्व नागपुरात नंदनवनसारख्या वसाहतीतील एखाद्या वर्गात आज ‘गुलामगिरी’ शिकवताना हा धागा सोडून देणे म्हणजे विद्यार्थ्याच्या पायाखालची जमीनच अभ्यासक्रमाबाहेर ठेवणे होय.

राहिला प्रश्न अर्पणपत्रिकेतील ‘निरपेक्ष’ या गौरवाचा. अमेरिकन लोकांनी निःस्वार्थ त्यागाने गुलामांना मुक्त केले, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्र बांधवांच्या बाबतीत तोच कित्ता गिरवावा, असे फुले म्हणतात. इतिहास इतका सरळ नव्हता. १ जानेवारी १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा बंडखोर प्रदेशांपुरता होता व युद्धातील उपाय म्हणून काढलेला होता. सर्वत्र गुलामीबंदी व्हायला १८६५ ची तेरावी घटनादुरुस्ती लागली. ज्या वर्षी पुण्यात ‘गुलामगिरी’ छापली जात होती त्याच १८७३ च्या एप्रिलमध्ये लुइझियानातील कोलफॅक्स येथे मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांची कत्तल झाली. तथापि फुल्यांची माहिती अपुरी होती एवढ्यावर थांबणे उथळपणाचे ठरेल. अर्पणपत्रिकेचा खरा श्रोता अमेरिकेत नाही, तो पुण्यात आहे. मुक्ती ही मालकाच्या जातभाईंचीही जबाबदारी आहे, हे त्याला सुनवायचे आहे, आणि त्यासाठी आदर्श निष्कलंक हवा. संहितेच्या आत मात्र जोतीराव धोंडीबाशी बोलतात, ब्राह्मणाशी नव्हे. बाहेर आवाहन एकाला, आत शिक्षण दुसऱ्याला. या दुहेरी संबोधनातली फट फुल्यांनी बुजवली नाही, आणि पुढील मराठी विचाराला ती फार उपयोगी पडली.

कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच युद्धाकडे पाहिले तेव्हा निष्कलंक आदर्श गळून पडलेला होता. १९४० च्या दशकातील राजकीय लेखनात त्यांनी लिंकन यांचे होरेस ग्रीली यांना लिहिलेले १८६२ चे पत्र पुढे ठेवले. संघराज्य वाचवणे हे प्रथम, गुलामांचा प्रश्न त्याच्या हिशेबाने, असा त्या पत्राचा आशय आहे. लिंकन यांच्या मनात संघराज्य आणि निग्रो यांचा जो क्रम होता तोच गांधींच्या मनात स्वराज्य आणि अस्पृश्य यांचा आहे, असे आंबेडकर म्हणतात. फुल्यांनी युद्धाचे फळ घेतले. आंबेडकरांनी त्यामागचा अग्रक्रम वाचला. गुलाम आणि अस्पृश्य यांची तुलना करणाऱ्या आपल्या प्रकरणात, जे १९८९ मध्ये त्यांच्या समग्र लेखनाच्या पाचव्या खंडातून प्रकाशात आले, ते आणखी पुढे जातात: गुलामीचा आधार कायदा असतो म्हणून कायद्याने ती संपवता येते, गुलामाला आपण गुलाम आहोत हे ठाऊक असते, अस्पृश्यतेत बंधन अप्रत्यक्ष असते आणि बांधलेल्याला त्याची जाणीवही होऊ दिली जात नाही. हा विचार वाचताना धोंडीबाचे प्रश्न आठवल्याखेरीज राहत नाहीत. १८७३ मध्ये जो पुन्हा पुन्हा ‘हे कसे’ म्हणून विचारीत होता, तो नेमका हीच जाणीव मिळवीत होता.