बेलोज यांच्या शिलामुद्रितांतील काळे आणि पांढरे

जॉर्ज बेलोज (१८८२-१९२५) या अमेरिकन चित्रकाराची ‘स्टॅग ॲट शार्कीज’ ही मुष्टियुद्धावरील कृती दोन रूपांत आढळते : १९०९ चे तैलचित्र व १९१७ चे शिलामुद्रित. दुसरे हे पहिल्याची रंग गेलेली नक्कल होय, असे समजणे मात्र चुकीचे ठरेल. तैलचित्रात योद्ध्याच्या चेहऱ्यावरील तांबडा रंगच आघाताची वार्ता देतो. शिलामुद्रितात ती सोय नाही. चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने काळोख चढवीत जावयाचे, आणि जेथे खडू टेकला नाही तेथे कागद उजेड म्हणून उरावयाचा, अशी या माध्यमाची रीत आहे. त्यामुळे क्रौर्य रक्तावरून सरकून, अंधारातून वर आलेल्या प्रेक्षकांच्या अधाशी चेहऱ्यांवर जाते. आपणांस मुष्टियुद्धातील काही कळत नाही, असे बेलोज म्हणत. जाणकारांनी पवित्र्यांत दोष काढले तरी चित्राचे त्यावाचून अडत नाही.

माध्यमाची खरी कसोटी लागते ती ‘द व्हाइट होप’ (१९२१) या शिलामुद्रितात. ‘गोऱ्यांची आशा’ या शब्दप्रयोगास इतिहास आहे. १९०८ मध्ये जॅक जॉन्सन हा हेवीवेट गटाचा पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता झाला, तेव्हा त्यास पाडील अशा गोऱ्या योद्ध्याचा शोध सुरू झाला आणि त्या अपेक्षित पुरुषास हे नाव पडले. निवृत्तीतून परत आणलेला जेफ्रीज १९१० मध्ये रीनो येथे हरला. त्यानंतर अनेक शहरांत कृष्णवर्णीयांवर हल्ले झाले. १९१५ मध्ये जॉन्सनचे पद गेले, शब्द मात्र राहिला. बेलोज यांच्या चित्रात कृष्णवर्णीय योद्धा उभा आहे आणि ‘आशा’ खाली कोसळली आहे. शीर्षकातील विशेषण जागच्या जागी आहे. विशेष्य तेवढे आडवे झाले आहे.

तैलचित्रात कातडीचा रंग हा अनेक रंगांपैकी एक असतो. येथे ज्या खडूने रात्र काढावयाची त्याच खडूने विजेत्याचे अंग घडवावे लागते, आणि पराभूतास कागदाचा उजेड आपोआप लाभतो. माध्यमाचा हा पक्षपातच म्हणावयाचा. परंतु या चित्रात उजेडात असणे म्हणजे उघडे पडणे होय, आणि म्हणून तो पक्षपात उलटतो. डेम्प्सी-फिर्पो यांच्या १९२३ मधील लढतीवरील ‘डेम्प्सी थ्रू द रोप्स’ हे त्याहून प्रसिद्ध व चित्तवेधक खरे. पण तेथे काळ्या-पांढऱ्यास अंधार आणि उजेड यांपलीकडे अर्थ नाही.