प्रयोगवहीतले 100 अंश

पदार्थाच्या अवस्था शिकवणारा स्वयंपाकघरातील एक प्रयोग आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. पातेल्यात बर्फ घ्यावा, मंद आचेवर ठेवावा आणि दर मिनिटाला तापमान नोंदवावे. बर्फ वितळतो, पाणी तापते, शेवटी उकळते. साहित्य घरातलेच, खर्च जवळजवळ नाही. प्रयोग चांगलाच आहे. तक्रार आहे ती त्याच्या मांडणीबद्दल. बहुतेक ठिकाणी कृतीखालीच उत्तर दिलेले असते : पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळते.

हाच प्रयोग बुलढाणा शहरात केला तर? शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 650 मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब कमी असल्याने पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळू लागते. समजा, एका मुलीने तापमापी नीट वाचून 98 लिहिले. मग छापील उत्तर पाहून ते खोडले आणि 100 केले. आपणही त्यावर बरोबरची खूण केली. या प्रयोगातून ती काय शिकली? आपल्या डोळ्यांना दिसते ते चूक आणि पुस्तकात असते ते बरोबर, एवढेच!

यावर कोणी म्हणेल, शाळेतल्या तापमापीत एखाद्या अंशाची चूक असतेच. आक्षेप रास्त आहे. पण त्याची परीक्षाही प्रयोगानेच करता येते. प्रथम तापमापी वितळत्या बर्फात धरावी. ती शून्य दाखवते की नाही, ते कळेल. मग आपल्या जिल्ह्याच्या रचनेचा उपयोग करावा. राजूर घाट उतरून मलकापूरला गेले की उंची सुमारे 250 मीटरच उरते. तीच तापमापी तेथील उकळत्या पाण्यात धरली, तर साधारण सव्वा अंश अधिक दाखवील. घाटावरच्या आणि घाटाखालच्या दोन शाळांनी एकच तापमापी वापरून नोंदींची देवाणघेवाण केली, तर 'उत्कलनबिंदू दाबावर अवलंबून असतो' हे वाक्य पाठ करावे लागणार नाही. खुद्द सेल्सिअसनेही 1742 साली आपली मोजपट्टी मांडताना या दाबाची दखल घेतली होती. आपल्या पुस्तिका मात्र ती अट गाळतात.

दुसरी तक्रार वाफेची. वहीत 'पांढरी वाफ दिसली' असे लिहिले जाते. किटलीच्या तोटीजवळ निरखून पाहिले, तर अगदी तोंडाशी काहीच दिसत नाही. पांढरेपणा थोडा पुढे सुरू होतो. खरी वाफ अदृश्य असते. दिसतात ते तिच्यापासून बनलेले पाण्याचे बारीक थेंब, म्हणजे द्रवच.

एवढे झाल्यावर कुकरचा प्रश्न मुलांपुढे ठेवावा. त्यात दाब वाढल्याने पाणी सुमारे 120 अंशांपर्यंत द्रवच राहते आणि डाळ लवकर शिजते. उघड्या भांड्यात ती घाटावर आधी शिजेल की घाटाखाली, हे मुले आता स्वतःच सांगतील.

तेव्हा शिक्षकमित्रहो, सूचना छोटीशीच आहे. तापमापी पारा नसलेली व 110 अंशांपर्यंतची घ्यावी, तिचा फुगा तळाला टेकू देऊ नये, आच आपण सांभाळावी. आणि वहीत उत्तराची जागा कोरी ठेवावी. तेथे 98 आले, तर ते खोडू नये, 'का?' एवढेच शेजारी लिहावे.