गुंडाळी खाणारा संदेष्टा

‘आध्यात्मिक अन्न’ हा शब्दप्रयोग आमच्या धर्मग्रामांतून इतका फिरला आहे की, जुन्या नाण्यावरील मुद्रेप्रमाणे त्याचे ठसे पुसट झाले आहेत. प्रवचनात तो येतो, तपसाधनेच्या पत्रकात येतो, घरभेटीच्या वेळी आम्हीही तो सहज वापरून मोकळे होतो. बायबल हे आत्म्याचे अन्न आहे, असे म्हटले की वक्ता आणि श्रोता दोघेही मान डोलावतात आणि प्रकरण तेथेच मिटते. हे अन्न चावायचे कसे, कडू लागले तर काय करायचे, पोटात गेल्यावर ते काय घडवते, हे कोणी विचारीत नाही. वाचकहो, या लेखात आम्हांला त्या प्रतिमेचीच समीक्षा करावयाची आहे. ती करताना आमचाही हिशेब निघेल, याची कल्पना आम्हांला आहे.

ही प्रतिमा बायबलमध्ये सर्वांत ठसठशीतपणे येते ती यहेज्केलच्या ग्रंथात. इ. स. पू. ५९७ मध्ये यरुशलेमहून बाबेलला नेलेल्या बंदिवानांतला हा एक याजक. बंदिवासाच्या पाचव्या वर्षी खबार नदीच्या काठी त्याला दर्शन घडते. एक हात पुढे येतो. हातात गुंडाळी आहे. ती उलगडली जाते, तेव्हा पाठपोट लिहिलेली दिसते. आणि लिहिलेले काय, तर विलाप, शोक आणि आकांत. ही गुंडाळी खा, अशी त्याला आज्ञा होते. तो तोंड उघडतो, खातो, आणि ती त्याला मधासारखी गोड लागते.

बहुतेक प्रवचनकार या मधापाशी येऊन थांबतात. आम्हीही कित्येक वर्षे तेथेच थांबत आलो. पण ग्रंथकाराची रचना नीट पाहावी. मजकूर शोकाचा आणि चव मधाची, हा मेळ कसा बसावा? एखादा सामान्य कवी शोकाला कडूच म्हणाला असता. तेव्हा ही गोडी मजकुरातून आलेली नाही, हे उघड आहे. यहेज्केलने गुंडाळी नुसती पाहिली, तेव्हा त्याला आकांत दिसला. खाल्ली, तेव्हा मध लागला. आणि या दोहोंच्या आधी काय आहे? त्या बंडखोर घराण्यासारखा तू बंडखोर होऊ नकोस, तोंड उघड, अशी ताकीद आहे. म्हणजे ग्रंथकाराच्या लेखी बंडाच्या उलट कृती कोणती, तर तोंड उघडणे. घास समोर आल्यावर त्यात काय आहे हे दिसत असूनही ज्याने दातखीळ बसू दिली नाही, त्यालाच चव कळली. येथे आज्ञापालन हे खाण्याचे फळ नव्हे. खाणे हेच आज्ञापालन आहे.

प्रकटीकरणाच्या दहाव्या अध्यायात योहानही असेच एक लहान पुस्तक खातो. ते तोंडात गोड आणि पोटात कडू होते. ही पुरवणी आम्हांला फार प्रामाणिक वाटते.

अन्न आणि आज्ञा यांची ही गाठ आरंभापासूनची आहे. एदेन बागेत माणसाला मिळालेली पहिली आज्ञा खाण्याविषयीचीच होती आणि पहिले पापही एका घासाचे होते. अरण्यात मान्ना मिळाला, तोही नियमासह: माणशी एक ओमेर, उद्यासाठी काही ठेवायचे नाही, शब्बाथाच्या आदल्या दिवशी मात्र दुप्पट. ज्यांनी न ऐकता साठवून ठेवला, त्यांच्या मान्न्यात किडे पडले. पुढे अनुवादाच्या आठव्या अध्यायात या भुकेचा आणि या भाकरीचा अर्थ सांगितला आहे. चाळीस दिवस उपाशी असलेला येशू सैतानाला उत्तर देतो, ते याच अध्यायातून. पण आमच्या मनात घर करून राहिला आहे तो त्यानंतरचा प्रसंग. सैतानही शास्त्रवचनच काढतो. एक्क्याण्णवावे स्तोत्र तो अडखळल्यावाचून म्हणून दाखवतो. पाठांतरात तो कोणाही धर्मगुरूच्या बरोबरीचा आहे. ते वचन त्याच्या ओठांवर आहे, पोटात कधी गेलेले नाही.

‘आज्ञापालन’ या शब्दाविषयीही आमची एक तक्रार आहे. त्याला कवायतीच्या मैदानाचा वास येतो. आपल्या घराघरांत यासाठी वेगळा शब्द आहे: ऐकणे. ‘पोर ऐकत नाही’ असे आई म्हणते, तेव्हा पोराच्या कानात काही दोष नसतो. इब्री भाषेतील ‘शमा’ हे क्रियापद असेच दुहेरी आहे, आणि लॅटिनमधील ‘ओबेदिरे’ हे ऐकणे या अर्थाच्या ‘आउदिरे’वरूनच झाले आहे. सेमिनरीत ही व्युत्पत्ती आम्ही परीक्षेसाठी पाठ केली होती. तिचा अर्थ कळला तो पुष्कळ वर्षांनी.

त्या काळी वडिलोपार्जित वाडीच्या बांधावरून आमचे आणि आमच्या थोरल्या बंधूंचे बिनसले होते. चार वर्षे आमच्यात शब्द नव्हता. एका रविवारी आम्ही गावच्या चर्चमध्ये मिस्सा अर्पण केला. शुभवर्तमान मत्तयच्या पाचव्या अध्यायातले होते: वेदीपाशी आलेल्या माणसाने अर्पण तेथेच ठेवून आधी भावाशी समेट करावा. प्रवचन उत्तम झाले, असे लोक म्हणाले. मग आई सॅक्रिस्टीत आली. “चांगलं बोललास हो,” ती म्हणाली, “पण तू ऐकलंस का?” त्या संध्याकाळी आम्ही भावाच्या दारी गेलो नाही. जायला पावसाळा उलटावा लागला.

असो. मराठीतील आद्य ख्रिस्ती महाकाव्याचा उगमही एका भुकेत आहे. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेज्विट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याच्या आरंभीच एक नवख्रिस्ती ब्राह्मण फादरांना विनवतो की, आमची जुनी पुराणे आता वर्ज्य झाली, तर त्यांच्या जागी आम्हांला दुसरे काही वाचायला द्या. या मागणीत एका समाजाचे ताट काढून घेतल्याची वेदना आहे, हे आज आपण मोकळेपणाने मान्य करायला हवे. स्टीफन्सांनी ती भूक ओळखली. त्यांनी कोंकणीत प्रश्नोत्तरीही लिहिली आणि ती त्यांच्या निधनानंतर, १६२२ मध्ये, छापली गेली. परंतु प्रश्नोत्तरीवर कोणाचे पोट भरत नाही, हे त्यांना उमगले होते. म्हणून जवळपास अकरा हजार ओव्या. ग्रंथातली ओवी आणि जात्यावरची ओवी एकच नव्हे, तरी त्या बहिणी आहेत. दळणाशी नाते सांगणाऱ्या छंदात आदामाने खाल्लेल्या फळाची कथा ऐकणे, हे आमच्या मते त्या ग्रंथाचे मोठे वाङ्मयीन यश होय. रविवारी आणि सणांना तो चर्चमध्ये वाचला जाई. अक्षरओळख नसलेलेही तो ऐकत.

बाराव्या शतकातील कार्थुसियन मठवासी दुसरा गीगो याने वाचनाची शिडी सांगितली आहे: वाचन घास तोंडात घालते, मनन तो चावते, प्रार्थना त्याचा रस काढते आणि चिंतन ही गोडी होय. मठवासी तर यासाठी रवंथ हाच शब्द वापरीत, आणि आपल्यासारख्या शेतकरी समाजाला तो समजावून सांगावा लागत नाही. तरीही ही शिडी गोडीपाशी संपते, हे तिचे उणेपण आम्हांला जाणवते. सोळावे बेनेडिक्ट यांनी २०१० च्या ‘व्हेर्बुम दोमिनी’ या प्रबोधनपत्रात तिला कृतीची जोड दिली, ती योग्यच झाली.

यहेज्केलचेही मधावर संपत नाही. गुंडाळी खाल्ल्यावर तो खिन्न आणि संतप्त मनाने तेल-अबीब येथील बंदिवानांकडे जातो. आता तो बोलेल, असे वाचकाला वाटते. पण तो त्यांच्यामध्ये सात दिवस सुन्न होऊन नुसता बसून राहतो. आम्ही मात्र शनिवारी रात्री वाचतो आणि रविवारी सकाळी साडेसहाच्या मिस्साला बोलायला उभे राहतो.