पाटलिपुत्रातील संग्रहालये : निवडीचा निकष

वैशाली, राजगृह आणि बोधगया यांच्या वाटेवर पाटणा लागते आणि धम्मयात्रींच्या वाट्याला तेथे बहुधा एकच दिवस येतो. त्या दिवसात शहरातील दोन संग्रहालयांपैकी कोणते पाहावे, हा प्रश्न वरवर सोयीचा वाटतो. वस्तुतः तो इतिहासदृष्टीचा आहे.

पाटणा संग्रहालयाची स्थापना १९१७ सालची. बिहार संग्रहालय २०१५ मध्ये अंशतः व २०१७ मध्ये पूर्णपणे खुले झाले. जपानी वास्तुविशारद फुमिहिको माकी यांच्या संस्थेने मुंबईच्या ओपोलिस या संस्थेसह त्याची रचना केली. दोहोंमधील वाटणीसाठी १७६४ हे बक्सरच्या लढाईचे वर्ष प्रमाण मानले गेले. त्यापूर्वीच्या वस्तू नव्या संग्रहालयाकडे, नंतरच्या जुन्याकडे, असे धोरण ठरले. दिदारगंज येथे १९१७ साली सापडलेली चामरधारिणी यक्षीही त्यानुसार नव्या वास्तूत गेली. तिला मौर्यकालीन मानावे की नंतरची, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. केवळ तिच्या झिलईने थक्क होऊन परतणे म्हणजे हा वादच दृष्टीआड करणे होय.

नव्या संग्रहालयाची मांडणी प्रशस्त व सुबोध आहे, यात शंका नाही. तथापि या वाटणीचे तत्त्व बौद्ध इतिहासाला लागू पडत नाही. राहुल सांकृत्यायन यांनी १९२९ ते १९३८ या काळात तिबेटच्या चार यात्रा केल्या आणि तेथून आणलेली चित्रपटे व ग्रंथ पाटणा संग्रहालयास दिले. धर्मकीर्तीच्या ‘प्रमाणवार्तिका’चा संस्कृत पाठ त्यांच्याच शोधामुळे उजेडात आला. भारतात रचला गेलेला, येथून लुप्त झालेला, तिबेटच्या मठांनी जतन केलेला आणि विसाव्या शतकात परतलेला हा वारसा १७६४ च्या अलीकडचा म्हणावा की पलीकडचा? राज्यकर्ते बदलण्याचे साल हे विचारांच्या इतिहासाचे साल नसते. ज्याला बौद्ध न्यायशास्त्राचे व ग्रंथरक्षणाचे मोल उमगले आहे, त्याने सांकृत्यायनांच्या या दानाचे स्मरण ठेवूनच पाटणा संग्रहालयाकडे पाहावे.

धातुदर्शनाच्या ओढीने येणाऱ्यांनी मात्र एक बदल ध्यानी घ्यावा. मराठी पुराविद डॉ. अनंत सदाशिव अळतेकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९५८ मध्ये वैशालीच्या स्तूपात अस्थिकरंडक सापडला. तो दीर्घकाळ पाटणा संग्रहालयात होता. २०२५ मध्ये वैशाली येथे नवे संग्रहालय व स्मृतिस्तूप खुले झाले आणि धातू तेथे नेण्यात आले. हा निर्णय योग्यच होय. ज्या भूमीत लिच्छवींनी स्तूप उभारल्याचे परंपरा सांगते, तेथे धातूचा अर्थ सूचनाफलकावाचूनही उमगतो.

याच न्यायाने तिसरे स्थळही विचारात घेतले पाहिजे : कुम्हरार. तेथील ऐंशी स्तंभांच्या मौर्य मंडपाचे नाव सर्वांना ठाऊक असते. त्याचे अवशेष पुढे मातीने झाकण्यात आले. परंतु १९५१ ते १९५५ च्या उत्खननात अळतेकरांना तेथे गुप्तकालीन आरोग्यविहाराचाही पुरावा मिळाला. मातीच्या मुद्रांकनावर त्या विहारातील भिक्षुसंघाचा उल्लेख आहे. सम्राटाच्या सभेपेक्षा रुग्णसेवा करणारा संघ आपल्याला अधिक जवळचा वाटावा.

तेव्हा एकच दिवस असेल तर सकाळी कुम्हरार पाहावे व दुपारी बिहार संग्रहालय. अभ्यासूंनी दुसरा दिवस काढून पाटणा संग्रहालय गाठावे. प्रत्येक वस्तूपुढे तीन प्रश्न विचारावेत : ही कोठे सापडली, कोणी दिली, कशासाठी घडवली गेली? ज्या दालनात यांची उत्तरे मिळतात, तेथे अधिक वेळ थांबावे. धम्माला ‘एहिपस्सिको’ म्हटले आहे. येऊन पाहण्याच्या त्या निमंत्रणात तपासून पाहणेही अभिप्रेत आहे.