'द शिव्हा' : प्रतिप्रश्नाचे सामर्थ्य आणि मर्यादा

हौशी निर्मात्यांच्या संगणकीय साहसखेळांकडे वाङ्मयीन दृष्टीने क्वचितच पाहिले जाते. डेव्ह गिल्बर्ट यांचा 'द शिव्हा' (२००६) हा अशाच निर्मात्यांच्या मासिक स्पर्धेसाठी, 'अ‍ॅडव्हेंचर गेम स्टुडिओ' या आज्ञावलीच्या साहाय्याने प्रथम सिद्ध झाला. शिव्हा म्हणजे ज्यू धर्मातील सात दिवसांचा शोककाल. न्यूयॉर्कमधील रब्बाय स्टोन यांनी जॅकच्या आंतरधर्मीय विवाहास विरोध केलेला असतो. पुढे जॅकचा खून होतो आणि त्याचा पैसा रब्बायनाच मिळतो. तपासाची ही कथा तशी बेताचीच. खेळाचे बळ संवादांत आहे. खेळणारा नेमके वाक्य नव्हे, तर उत्तराचा सूर निवडतो आणि प्रश्नाला प्रश्नानेच उत्तर देण्याचा रब्बायांचा परंपरागत मार्गही त्यास उपलब्ध असतो. अखेरच्या मारामारीतसुद्धा प्रतिप्रश्न हेच शस्त्र ठरते. तथापि प्रतिप्रश्न करणारा स्वतः उत्तर देण्याचे टाळतो, हेही येथे लक्षात येते. जॅकची भारतीय पत्नी राजश्री समोर येते, तेव्हा हा मार्ग अपुरा पडतो. तिचे दुःख प्रत्यक्ष उत्तराची अपेक्षा करते. लेखकाने मात्र तिला रब्बायच्या अपराधभावाचे निमित्त एवढेच स्थान दिले आहे.