एका बिंदूवरची सरळ रेष

अलीकडे कुणीही घरी बांधलेला नवा स्पीकर दाखवला, की त्यासोबत एक आलेख येतो. २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत पट्टीने आखल्यासारखी सरळ रेष. डीएसपीत दहा-बारा फिल्टर टाकले की ही रेष कुणालाही मिळते, आणि ती मिळाली की डिझाइन पूर्ण झालं असं जाहीर होतं. ट्वीटरच्या बरोबर समोर, एक मीटरवर ठेवलेल्या मायक्रोफोनने टिपलेली ती रेष असते. तीस अंश बाजूला काय होतं, साठ अंशांवर काय होतं, भिंतीकडे कसला आवाज जातो, याबद्दल एक अक्षर नसतं. मला याचा संताप येतो.

कारण साधनांची तक्रार आज कुणालाच करता येणार नाही. खोकं किती लिटरचं, हा प्रश्न थील आणि स्मॉल यांनी केव्हाच सोडवून ठेवला. एफएस, क्यूटीएस आणि व्हीएएस हे तीन आकडे विनआयएसडीत भरले की उत्तर हजर. क्रॉसओव्हर मांडायला व्हिट्युइक्सकॅड फुकट आहे, मोजणीला आरईडब्ल्यू फुकट आहे, आणि कॅलिब्रेट केलेला यूएसबी मायक्रोफोन आता हौशी माणसाच्या आवाक्यात आहे. लिंकविट्झ आणि रायली यांनी क्रॉसओव्हरबद्दल १९७६मध्ये जे मांडलं, ते आज माउसच्या एका क्लिकवर आहे.

एवढं हाताशी असताना बांधलं काय जातं? एलएस३/५एच्या नकला अजून निघतात. बीबीसीने ती पेटी ओबी व्हॅनच्या अडचणीच्या जागेसाठी केली होती. त्या अडचणीवरची उत्तरं आज दिवाणखान्यात पुन्हा गिरवण्यात मला रस नाही. एकाच फुलरेंज ड्रायव्हरवर श्रद्धा असलेला एक पंथ आहे. आठ इंची कोन वरच्या सप्तकांत आवाज समोरच्या अरुंद पट्ट्यातच टाकतो, यावर तो पंथ बोलत नाही. महागडे कपॅसिटर बदलत बसणाऱ्यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. प्युरिफायचे ड्रायव्हर उत्तम आहेत, त्यांची विकृती खरोखर कमी आहे, पण ते विकत घेणं म्हणजे डिझाइन करणं नव्हे.

मला उत्साह येतो तो पेटीचा आणि समोरच्या फळीचा आकार हाच डिझाइनचा गाभा मानणाऱ्यांच्या कामामुळे. हा विचार जुना आहे. हॅरी ऑल्सन यांनी १९५१मध्ये वेगवेगळ्या आकारांच्या पेट्यांवर एकच लहान ड्रायव्हर बसवून मोजणी केली. गोलावर रेष सर्वांत सुरळीत आली. धारदार कडांच्या पेट्यांवर, कडांपाशी होणाऱ्या विवर्तनाने ती खाली-वर झाली. ड्रायव्हर तोच होता. तरीही राउटर फिरवून कडा गोलवणं ही आपल्याकडे आजही शोभेची गोष्ट समजली जाते, सुताराला जास्तीचे पैसे मोजायचे असतील तरच करायची.

नेहमीची टू-वे घ्या. साडेसहा इंची वूफर, एक इंची डोम ट्वीटर, सपाट फळी, २५०० हर्ट्झला क्रॉसओव्हर. या ठिकाणी ध्वनिलहरीची लांबी साधारण १४ सेंटिमीटर, म्हणजे जवळपास वूफरच्या कोनाएवढीच. तिथवर पोचेपर्यंत वूफरचा आवाज समोर एकवटू लागलेला असतो. लगेच त्याच्या वर ट्वीटर सुरू होतो, आणि तो मात्र फळीसमोर चहूकडे पसरतो. समोर बसणाऱ्याला हा सांधा कळत नाही. बाजूच्या भिंतीकडे मात्र २ किलोहर्ट्झला खड्डा आणि ३-४ किलोहर्ट्झला उंचवटा असलेला आवाज जातो, आणि भिंतीवरून परतून तोच कानावर पडतो. माणसाचा कान नेमका याच पट्टीत सर्वांत तिखट. आलेख सरळ असूनही तासाभराने तंबोऱ्याची जवारी टोचू लागते, ती बहुतेक वेळा यामुळे.

इथे डीएसपीचा काही इलाज चालत नाही. ३ किलोहर्ट्झ दोन डेसिबलने खाली ओढलं तर समोरचा आणि बाजूचा, दोन्ही आवाज तेवढेच खाली येतात. त्यांच्यातली तफावत तशीच राहते. ती घालवायची तर ट्वीटरभोवती योग्य वक्रतेचं वेव्हगाइड हवं, म्हणजे क्रॉसओव्हरच्या आसपास त्याचा फैलाव वूफरएवढा आवळला जातो. शिवाय त्या पट्टीत ट्वीटरची संवेदनशीलता वाढते, त्याला कमी राबावं लागतं आणि विकृतीही घटते. हा वक्र आता घरच्या संगणकावर काढून थ्रीडी प्रिंटरवर छापता येतो. काही हौशी मंडळींनी ते इतक्या जिद्दीने केलं आहे की त्यांच्या साठ अंशांवरच्या रेषा शून्य अंशांवरच्या रेषेच्या खालून शांतपणे, एकही उसळी न घेता उतरत जातात. अलीकडच्या हौशी कामात मला यापेक्षा सुंदर काही दिसलेलं नाही.

याहून धाडसी काम कार्डिऑइडचं, म्हणजे पाठीमागे आवाज जवळजवळ न सोडणाऱ्या पेटीचं. ग्रेडियंट स्पीकरवर ऑल्सन यांनीच १९७३मध्ये लिहिलं. गाइथाइन, आणि पुढे डच अँड डच यांच्या पेट्यांनी ते स्टुडिओत आणि घरांत नेलं. पेटीच्या दोन्ही बाजूंना उभ्या खाचा, आत ठरावीक घनतेचं भरण. कोनच्या पाठची लहर त्यातून एवढी मंदावून आणि एवढ्या उशिराने बाहेर पडली पाहिजे, की पाठीमागे जाणारा आवाज तिथल्या तिथे रद्द व्हावा. खाच किती लांब, लोकर किती दाबून, याचं तयार सूत्र नाही. भरायचं, मोजायचं, काढायचं, पुन्हा भरायचं. कारखान्याला न परवडणारा हा वेळ हौशी माणसाकडे असतो, आणि तो इथेच खर्चायला हवा.

पेटी आणि खोली यांचा असा एकत्र विचार करण्याची निकड पुण्या-मुंबईच्या फ्लॅटना तर जास्तच. दहा बाय बाराची खोली, व्हिट्रिफाइड फरशी, काँक्रीटच्या किंवा विटांच्या भिंती, काचेची सरकती खिडकी, गालिचा नाही. अमेरिकी घरातली जिप्सम बोर्डाची भिंत किंचित हलते आणि खर्जाचा काही वाटा शोषून घेते. आपली भिंत तो जवळजवळ सगळाच परत पाठवते. बारा फुटांमुळे ४७ हर्ट्झला आणि दहा फुटांमुळे ५६ हर्ट्झच्या आसपास खोली स्वतःच घुमते. अशा खोलीत परदेशी डिझाइन जसंच्या तसं उतरवतात: ३५ हर्ट्झला ट्यून केलेला पोर्ट आणि बॅफल स्टेपची, म्हणजे खालच्या सप्तकांत फळीमागे वळून जाणाऱ्या आवाजाची, पूर्ण ६ डेसिबलची भरपाई. मग जागा नाही म्हणून पेटी भिंतीला चिकटवतात, आणि खालच्या सप्तकांत तीच भरपाई भिंत दुसऱ्यांदा करते. डग्ग्याचा घिस्सा हरवतो, नुसता गदारोळ उरतो. इथे बंद पेटीच हवी. ती सप्तकामागे १२ डेसिबलने सावकाश उतरते, आणि खोली खाली जे वाढवते त्याने तिची उणीव बरीचशी भरून निघते. तापकीर गल्लीतून किंवा लॅमिंग्टन रोडवरून वूफर आणताना त्याचं क्यूटीएस बंद पेटीला मानवतं का, हे आधी पाहावं.

‘रूम करेक्शन लावलं की झालं’, हे उत्तर मला मान्य नाही. साधारण २०० हर्ट्झच्या खाली, एका खुर्चीपुरतं, ते जरूर लावावं. त्याच्या वर मायक्रोफोन थेट आलेल्या आणि परतून आलेल्या आवाजाची बेरीज करतो. कान त्या दोहोंत भेद करतो. परतलेल्या आवाजाचा दोष झाकायला थेट आवाज वाकवणं म्हणजे धडधाकट भाग बिघडवणं. फ्लॉइड टूल यांनी ऑटाव्यात पडद्याआड स्पीकर ठेवून घेतलेल्या चाचण्यांत ऐकणाऱ्यांचा कौल कुणाकडे गेला होता? समोर सपाट आणि बाजूंनाही सुरळीत असलेल्या स्पीकरांकडे. हे १९८०च्या दशकात सिद्ध झालं. मग २०२०च्या दशकात शून्य अंशांचा एकच आलेख कोणत्या तोंडाने दाखवायचा?

आणि ‘आम्ही हौशी, क्लिपेलचा मोजणीचा स्कॅनर कुठून आणू’ ही पळवाट आहे. साडेनऊ फूट उंचीच्या हॉलच्या मधोमध, भिंतींपासून दूर, फिरत्या स्टुलावर जमीन आणि छत यांच्या अधल्या उंचीला पेटी ठेवा, मायक्रोफोन एक मीटरवर. पहिलं परावर्तन यायच्या आधी सुमारे ६ मिलिसेकंद मिळतात. म्हणजे १७० हर्ट्झच्या वरचं सगळं खोलीशिवाय मोजता येतं. त्याखाली मायक्रोफोन कोनच्या अगदी जवळ नेण्याची कील यांची १९७४ची रीत आहे. स्टुलाखाली कागद चिकटवून दर दहा अंशांवर खुणा करा आणि शून्यापासून नव्वदपर्यंत दहा मोजण्या घ्या. एक संध्याकाळ पुरते. ज्या डिझाइनसोबत या दहा रेषा नसतील, त्यातला ट्वीटर कितीही महाग असो, ते मी अपुरं समजेन आणि नव्याने शिकणाऱ्या कुणालाही बांधायला सांगणार नाही.