नाव रात्रीचे, मोजणी दिवसाची

ध्रुवीय प्रदेशातील अतिउंच ढगांवरच्या लेखांत एक वाक्य हटकून येते : 'हे ढग फक्त रात्री दिसतात.' वाक्य डोळ्यांपुरते खरे आहे. पण विद्यार्थी त्यावरून ढग रात्रीच तयार होतात असे समजतो. आमची तक्रार आहे ती येथे.

सुमारे ८३ किलोमीटर उंचीवरचे, बर्फाच्या अतिसूक्ष्म कणांचे हे ढग. जमिनीवर अंधार आणि ढगावर ऊन असेल तरच ते डोळ्यांना दिसतात. पण हे ढग उन्हाळ्यातले, आणि ध्रुवाजवळ उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही! ढग जेथे जास्त, तेथेच डोळे निरुपयोगी.

नॉर्वेतील आंडोया बेटावर १९९४ मध्ये सुरू झालेल्या अलोमार वेधशाळेतून लेसरचे स्पंद वर सोडतात. ढगावरून परतणारा प्रकाश सुमारे ०.५५ मिलिसेकंदाने पोचतो. त्यावरून उंची कळते. (गणित वर्गात जरूर करून घ्यावे.) दिवसा आकाशाचा उजेड आड येतो. म्हणून दुर्बिणीचे दृष्टिक्षेत्र अगदी अरुंद ठेवतात आणि फक्त लेसरच्याच रंगाला वाट देणारे गाळणे बसवतात. कागदाच्या नळीतून आकाश पाहण्याची उपमा येथे अर्धीच लागू पडते. नळी रंग निवडत नाही.

तरीही थोडा उजेड उरतोच, आणि त्यात फिके ढग हरवतात. तेव्हा दिवसा नोंदी कमी म्हणून ढगही कमी, असे लिहिणे चूक. रात्रीच्या नोंदींतूनही तितकेच फिके ढग वगळावेत, मगच तुलना करावी. शिवाय लेसरला दिसतो तो डोक्यावरचा एकच स्तंभ, आणि खाली साधे आभाळ भरून आले की तोही नाही.